आधी पट्टी, मग माप

गजभिये साहेबांबद्दल लखनऊतल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, तो चांगलंच सांगेल. छावणीतल्या गणपतीत विचारा, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात विचारा. असा सरळ माणूस पुन्हा होणे नाही, असंच उत्तर मिळेल. मीही चारचौघांत मान हलवतो. साहेब मला विसरता येत नाहीत हे खरंच आहे. पण विसरता न येणं वेगळं आणि माया असणं वेगळं. मला माणसं दोनच कारणांनी लक्षात राहतात. एक, ज्यांनी मला काही दिलं. दोन, ज्यांनी दिलेलं काढून घेतलं. साहेबांचं नाव दोन्हीकडे आहे.

मी मूळचा बार्शीचा. थोरला भाऊ फौजेत होता, त्याची बदली लखनऊ छावणीत झाली, तेव्हा त्याच्या मागे मी एकोणिसाव्या वर्षी इथं आलो आणि भाऊ पुढे जम्मूला गेला तरी इथंच राहिलो. लेथच्या दुकानात आधी झाडू मारला, मग ऑइल घातलं, मग मशीनला हात लावला. आज आलमबागच्या मागच्या गल्लीत माझे स्वतःचे चार लेथ आहेत, अकरा माणसं आहेत. आम्ही बुश बनवतो. बुश म्हणजे लोखंडाची बोटभर लांबीची पोकळ नळी, जिच्यात पिन फिरते. बाहेरचा व्यास पंचवीस मिलिमीटर. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले पाच इकडे किंवा पाच तिकडे चालतात, सहावा चालत नाही. हे बुश एका सरकारी कारखान्यात जात, आणि तिथल्या तपासणी कार्यालयात गजभिये साहेब होते.

ते भंडाऱ्याचे. पहिल्यांदा आमच्या गल्लीत आले तेव्हा मला वाटलं, चला, आपला माणूस आला. मी मराठीत नमस्कार केला, घरचं विचारलं, चहा मागवला. त्यांनी जय भीम म्हणून हात जोडले आणि पुढचं सगळं हिंदीत बोलले. चहा परत पाठवला. नंतर कळलं की हा त्यांचा नेम होता. कार्यालयात आणि तपासणीवर हिंदी, मराठी फक्त घरी. मराठी बोललं की माणूस लगेच काहीतरी मागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्याबाबतीत ते खरंही होतं.

उंची बेताची, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि चष्म्याची काच ते दर दहा मिनिटांनी रुमालाने पुसत. खुर्ची दिली तरी बसत नसत. रिकामं खोकं उपडं करून त्यावर बसत, कारण खुर्चीवर बसलं की खोक्याच्या तळाशी हात पोचत नाही. वरचे बुश कधीच उचलत नसत. हात कोपरापर्यंत आत घालत आणि तळातून, कोपऱ्यातून, मधून असे पन्नास काढत. वर चांगला माल आणि खाली बाकीचा, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होती.

पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची. खोकं उघडण्यापूर्वी ते वहीचं कोरं पान काढत आणि वर डाव्या कोपऱ्यात दोन गोष्टी लिहीत: सुरुवात कुठून आणि पट्टी किती. मग त्याखाली सही. मग खोकं. हे काय आहे ते मला पहिल्या खेपेला कळलं नाही. मला वाटलं पूजेसारखं काही असेल.

पन्नास मापं वहीत उतरली की ते पिशवीतून लॅपटॉप काढत, इंटरनेटवरची एक फुकटची साइट उघडत आणि सगळे आकडे तिच्या चौकटीत टाकत. बटण दाबलं की निळे दांडे उभे राहत. शाळेत ज्याला आयतालेख म्हणतात तेच हे. साहेब हिस्टोग्राम म्हणत. आमची पोरं दांड्यांचं चित्र म्हणत. पहिल्या दिवशी मी आकडेच वाचत बसलो तर त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "पचास नंबर मत पढ़िए शिंदे जी. सूरत देखिए."

मग त्यांनी समजावलं. तसं समजावणारा मास्तर मला शाळेत भेटला असता तर मी दहावी सोडली नसती. म्हणाले, पट्टी म्हणजे गल्ली समजा. मिलिमीटरच्या शंभर भागांतल्या दोन भागांची एक गल्ली, तिला लागून दुसरी, तिला लागून तिसरी. प्रत्येक बुश आपल्या मापाच्या गल्लीत जाऊन राहतो. ज्या गल्लीत जास्त बुश, तिचा दांडा उंच. चांगल्या कारागिराची वस्ती मधे दाट असते आणि कडेला विरळ होत जाते. मी विचारलं, पेपरात येतात त्या दांड्यांमधे तर फट असते, तुमचे चिकटलेले का? ते म्हणाले की तिथं आंबे, केळी, पेरू असे वेगवेगळे जिन्नस असतात. इथं एकच माप आहे, एका गल्लीतून थेट दुसऱ्या गल्लीत जाणारं. "नाप में दरार नहीं होती," ते म्हणाले. "दरार आदमी में होती है."

त्याच दिवशी त्यांनी मला गार केलं. माझ्या मालाच्या चित्राला दोन डोंगर होते आणि मधे खळगा. सगळे बुश मर्यादेत होते, एकही बाहेर नव्हता. साहेबांनी विचारलं, किती लेथवर केलेत? मी म्हणालो एकाच. मग माणसं दोन असतील, ते म्हणाले. मी हसलो. पण रामसजीवनला हाक मारली तेव्हा त्याने मान खाली घातली. जेवणानंतर तो इरफानला मशीनवर बसवून दोन तास बिडी फुंकत गल्लीच्या तोंडाशी बसत असे, आणि इरफानचा हात थोडा जड होता. माझ्या दुकानात, माझ्या नाकाखाली चार महिने हे चाललं होतं. मला दिसलं नाही, आणि भंडाऱ्याच्या माणसाला ते दहा मिनिटांत निळ्या दांड्यांत दिसलं. त्यांनी लॉट पास केला. जाताना एवढंच म्हणाले की तुमच्या पाटीवर एका कारखान्याचं नाव आहे, चालतात दोन.

मी चिडलो आणि शिकायला बसलो. माझा स्वभावच तसा आहे. कोणी माझ्यापेक्षा जास्त जाणतो हे कळलं की मला झोप लागत नाही. जुना लॅपटॉप घेतला, मुलगी मुग्धा हिला ती साइट काढायला लावली. तिच्याशी मी मराठीत बोलतो, ती मला हिंदीत उत्तर देते. "पापा, इसमें कॉपी-पेस्ट होता है, टाइप मत करो." मी ऐकलं नाही. एका बोटाने पन्नास आकडे स्वतः टाइप केले. बटण दाबलं आणि काय सांगू, एकच दांडा. डाव्या हाताला ताठ, उंच, एकच. सगळे बुश एका गल्लीत. उजव्या टोकाला दूर कुठेतरी एक खुंटी दिसत होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. छापून घेतलं आणि साहेबांच्या कार्यालयात जाऊन टेबलावर ठेवलं. म्हणालो, असा कारागीर दाखवा लखनऊत.

त्यांनी चष्मा पुसला, कागद जवळ घेतला, आणि हसले. मी त्यांना पोटभर हसताना पाहिलं ते तेवढंच. मी एके ठिकाणी दशांशाचं टिंब एक घर पुढे टाकलं होतं. चोवीस पूर्णांक अठ्ठ्याण्णवचे दोनशे एकोणपन्नास पूर्णांक आठ झाले होते. त्या एका आकड्यासाठी साइटने पट्टी इतकी रुंद केली की बाकीचे एकोणपन्नास एकाच दांड्यात कोंबले गेले. "शिंदे जी, आपका एक बुश तो हंडे के मुँह जितना है," ते म्हणाले आणि शेजारच्या बाबूलाही दाखवलं. मी कागद हिसकावून घेतला. पण शिकलो. एक खोटा आकडा स्वतःपुरता खोटा नसतो, तो बाकीच्यांची सूरत बिघडवतो.

दुसरी गोष्टही मला त्याच वेळी कळली, आणि ती जास्त कामाची होती. साइटवर खाली एक सरकती दांडी आहे. ती उजवीकडे ढकलली की पट्टी रुंद होते, दांडे कमी होतात. डावीकडे ढकलली की पट्टी अरुंद होते आणि चित्र कंगव्यासारखं दिसतं. माल तोच, आकडे तेच. फक्त बोट सरकवायचं. माझ्यासारख्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. जिथं सरकतं, तिथं भाव करता येतो.

रविवारी मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. दुसरा मजला, दारात चपला ओळीने. वहिनींनी पोहे दिले. घरी असल्यामुळे साहेब मराठीत बोलत होते, आणि त्यांचं मराठी ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आतून मऊ असेल. मी हळूच विषय काढला. म्हणालो, साहेब, दोनाची पट्टी फार बारीक होते, कारागिराचा श्वासही त्यात दिसतो. चाराची घ्या. नाही तर तिनाची घ्या, तुमचंही राहील, माझंही राहील.

ते पोह्यांतले दाणे बाजूला काढत होते. शांतपणे म्हणाले, "भाजीवाल्याशी करता तसा तुम्ही मापाशी भाव करून राहिले का जी?"

मी म्हणालो, दांडी सरकते साहेब, मी थोडाच सरकवली.

तेव्हा त्यांनी वहीच्या कोपऱ्याचं गुपित सांगितलं. दांडी सरकते म्हणूनच आकडा पाहण्याआधी पट्टी लिहायची. एकदा मापं डोळ्यांसमोर आली की माणूस स्वतःच्या नकळत सोयीची पट्टी शोधतो. मित्राच्या मालाला रुंद, शत्रूच्या मालाला बारीक. "आधी पट्टी, मग माप," ते म्हणाले. "उलटं केलं का मग तो हिस्टोग्राम नाही जी, ते मेकअप आहे."

भाव करण्यात हा माणूस अगदी कच्चा होता. त्याच संध्याकाळी आम्ही आलमबागच्या बाजारात बरोबर गेलो. भाजीवाल्याने वांग्यांचा जो भाव सांगितला तो त्यांनी कबूल केला. मला अंगावर काटा आला. मी त्यांचा हात धरला, भाजीवाल्याला दोन शब्द सुनावले. साहेबांनी माझा हात सोडवला आणि भाजीवाल्याला म्हणाले, भैया, पहले तराजू खाली दिखाओ. रिकामा तराजू वर धरायला लावला, काटा मधे येईपर्यंत पाहिलं, पारड्याखाली बोट फिरवलं, मगच वांगी टाकू दिली. "भाव त्याचा," परतताना मला म्हणाले, "माप माझं." मी पुढे कित्येक दिवस हे वाक्य कामगारांना माझंच म्हणून ऐकवलं.

आता माझ्या खोटेपणाचंही सांगतो, नाही तर हे सगळं एकतर्फी होईल. त्यानंतरच्या वर्षी एक लॉट बिघडला. लोखंड मऊ आलं होतं, व्यास कमी उतरत होता. आमच्याकडे माल पाठवण्यापूर्वी आमची स्वतःची तपासणी असते, तिची नोंद मालाबरोबर जाते. मी तपासणाऱ्याला सांगितलं की जो बुश थोडासाच बाहेर असेल त्याचं माप काठावरचं लिही. चोवीस पंच्याण्णव. एकदोन भागांनी कोणाचं काय बिघडतं. साहेबांनी आमची नोंद साइटवर टाकली. डावीकडे मर्यादेच्या आत लागूनच एक दांडा उभा राहिला, बाकी सगळ्यांपेक्षा उंच, आणि त्याच्या पलीकडे काहीच नाही. एकही नाही. उतार नाही, विरळ होत जाणं नाही. सरळ तुटलेला कडा.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "यह दीवार किसने बनाई?"

मी तपासणाऱ्याचं नाव सांगू शकलो असतो. तो गरीब शेजारीच उभा होता, त्याने कबूलही केलं असतं. साहेब माझ्याकडेच पाहत राहिले. मी म्हणालो, मैंने. त्यांनी अख्खा लॉट परत पाठवला आणि अहवालात दोन ओळी लिहिल्या. सहा महिने मला त्या कारखान्याचं काम मिळालं नाही. मी त्यांना शिव्या घातल्या, त्यांच्या तोंडावर घातल्या. ते खोक्यावर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले की दीवार बनवली हे तुम्ही स्वतः सांगितलंत, ते अहवालात लिहिलेलं नाही, पण माझ्या लक्षात राहील.

आणि मग मी सुधारलो. माझी तक्रार इथूनच सुरू होते. साहेब भेटले नसते तर मी आज लबाड पण सुखी असतो. मी रामसजीवनची बिडी बंद केली, इरफानला वेगळं मशीन दिलं, जुने दोन लेथ मोडीत काढून चांगले घेतले. दर शनिवारी मुग्धा पन्नास मापं साइटवर टाकायची आणि ते चित्र आम्ही भिंतीवर लावायचो. मीही पानाच्या कोपऱ्यात आधी पट्टी लिहायला लागलो. पहिल्या वर्षी डोंगर बसका होता. दुसऱ्या वर्षी उंच झाला. चौथ्या वर्षी तो बरोबर पंचवीसवर उभा राहिला, दोन्ही बाजूंना सारखा उतरलेला. माझी माणसं येताजाता त्याच्याकडे देवाच्या तसबिरीकडे पाहावं तसं पाहत. इरफान म्हणायचा, "भैया, अब तो आँख बंद करके भी पच्चीस ही निकलता है." साहेब एकदा आले, भिंतीपाशी उभे राहिले, शेवटून पहिल्यापर्यंत सगळी चित्रं पाहिली. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला. त्यांच्या नोकरीत कोणाकडे घेतलेला बहुधा तेवढाच.

मागच्या वर्षी सरकारी कारखान्याने ठरवलं की बुश दोघांकडून घेण्याऐवजी एकाकडूनच घ्यायचे. आम्ही दोघं होतो. मी, आणि कानपूर रस्त्याकडचा एक मोठा कारखाना, ज्याच्या मालकाच्या गाड्या वरच्या साहेबांच्या दारात उभ्या असत. नियम साधा होता. दोघांचाही एकेक लॉट त्याच दिवशी तपासायचा, ज्याचं काम जास्त एकसारखं त्याला पाच वर्षांचं काम, आणि दोन्ही सारखे निघाले तर मोठ्या कारखान्याला. मला भीती नव्हती. अकरा माणसांना मी आदल्या दिवशी सांगून टाकलं की काम आपलंच आहे. त्या दुसऱ्याचा माल मी पाहिला होता. त्याच्याकडे दोन पाळ्या आणि दोन हात होते. एक डोंगर पंचवीसच्या दोन भाग अलीकडे, एक दोन भाग पलीकडे. दोनाच्या पट्टीत ते उंटासारखं दिसलं असतं.

तपासणी कार्यालयात झाली. दोन खोकी होती. माझ्या बुशवर आमच्या खुणेचा ठिपका होता, त्यांच्यावर चांदणी. साहेब खोक्यावर बसले, हात कोपरापर्यंत आत घातला, पन्नास आणि पन्नास मोजले. मी मागे उभा होतो. मापं चालू असताना माझी नजर वहीच्या डाव्या कोपऱ्यावर गेली.

कोपरा कोरा होता.

मला वाटलं विसरले असतील. वय झालं, सव्वा वर्षात निवृत्ती होती. मापं संपली तेव्हा त्यांना वरून बोलावणं आलं. दहा मिनिटांनी परत आले, आकडे साइटवर टाकले. आधी त्या मोठ्या कारखान्याचे. क्षणभर दोन डोंगर उभे राहिले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मग साहेबांनी बोट दांडीवर ठेवलं आणि उजवीकडे सरकवत नेलं. सहा भागांची पट्टी. दोन डोंगर मधल्या गल्लीत शिरले आणि एक झाले. तीन दांडे राहिले, मधला जाडजूड. माझे आकडे त्याच पट्टीत टाकले. तीन दांडे, मधला जाडजूड. छापून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. जुळी भावंडं.

मी हिंदीत विचारलं, साहब, पट्टी कितनी ली? त्यांनी चष्मा काढला पण पुसला नाही. आणि त्या कार्यालयात, आठ वर्षांत पहिल्यांदा, ते माझ्याशी मराठीत बोलले.

"शिंदे, जाऊ द्या जी."

मी टेबलाला लाथ मारली. दोन्ही खोकी खाली आली आणि बुश फरशीवर चहूकडे घरंगळले. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. बाबू लोक दारातून पाहत होते. साहेब खाली बसले आणि बुश गोळा करू लागले. एकेक उचलून, डोळ्यांजवळ नेऊन खूण पाहून, ठिपका इकडे, चांदणी तिकडे. एकही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. कागदावर ज्यांना त्यांनी एक केलं होतं, फरशीवर त्यांना निवडत बसले होते. मला त्यांचा त्या वेळी जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नाही.

काम गेलं. मी स्वस्थ बसणारा नाही, मी शोध घेतला. किती घेतले, कोणाच्या हातून घेतले. खरं सांगतो, घेतले असते तर मी माफ केलं असतं. तो व्यवहार मला कळतो. पण त्यांनी एक पैसा घेतला नव्हता. त्यांना मिळाली ती बदली. अकरा वर्षं ते नागपूरची बदली मागत होते, म्हातारी आई भंडाऱ्याला एकटी होती, आणि दर वर्षी अर्ज परत यायचा कारण हा माणूस वरच्यांना अडचणीचा होता. तपासणीनंतर तिसऱ्या आठवड्यात हुकूम निघाला. आयुष्यात एकदाच भाव करायला बसले आणि जे त्यांचं हक्काचंच होतं ते विकत घेऊन आले. इतका वाईट सौदा मी पाहिला नाही. आधी मला सांगितलं असतं तर मी त्यांच्या वतीने बोललो असतो. गजभियेंसारख्या माणसाची एक सही किती मोलाची आहे हे त्यांना कळलंच नाही, ते फक्त मला आणि त्या दुसऱ्याला कळलं.

एक वाट उरली होती. कार्यालयातल्या बाबूने मला सांगितलं की तपासणीच्या तारखेचा, बारीक पट्टीचा, साहेबांच्या सहीचा कागद आणा, मग फेरतपासणीचा अर्ज चालेल. तारीख मात्र तीच हवी.

मी क्वार्टरवर गेलो तेव्हा खाली ट्रक उभा होता. वर सगळं बांधून झालं होतं. वहिनींनी मला पाहिलं आणि आत गेल्या. साहेब एका खोक्यावर बसले होते, समोर दुसऱ्या खोक्यावर लॅपटॉप. मी भांडायला गेलो नव्हतो, सौदा करायला गेलो होतो. म्हणालो, आकडे तुमच्याकडे आहेत. दोनाची पट्टी घ्या, छापा, सही करा. तुमची बदली झाली, आता तुमचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. माझी अकरा माणसं आहेत.

त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. आकडे काढले, पट्टी दोन केली. उंट उभा राहिला. शेजारी माझा डोंगर, उंच, मधोमध. माझ्या भिंतीवर होता त्याहूनही चांगला. मग त्यांनी वहिनींकडून प्रिंटर पुन्हा सोडवून घेतला, कागद काढला, पेन उघडलं, सही केली. सहीखाली तारीख टाकली. त्या दिवसाची. आणि तारखेखाली बारीक अक्षरात लिहिलं, कालपासून कार्यमुक्त.

मी म्हणालो, साहेब, आजची तारीख काय कामाची? तपासणीची टाका. महिन्याभराचा तर फरक.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मी म्हणालो, पंधरा दिवस अलीकडची टाका. अर्धी वाट मी बाबूकडून काढून घेतो. मी अजूनही भाव करत होतो, मला दुसरं काही येत नाही.

"खोटी तारीख कशी टाकू जी?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात नवल होतं. मी असं काही विचारू शकतो याचं खरोखरचं नवल. "सही मी आज करून राहिलो."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती, कावा नव्हता. ज्या माणसाने सहा भागांची पट्टी ओढून माझी सहा वर्षं तीन दांड्यांत गाडली, त्याला महिन्याभराची तारीख मागे घेता येत नव्हती. त्याच्यापुरतं ते खोटं नव्हतं, आणि हे होतं. कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. दोन्ही हातांनी, घडी न घालता. मी तो घेतला नाही. त्यांनी आठ वर्षांत मला दिलेली ही एकच वस्तू, आणि मी ती घेतली नाही.

जिना उतरलो. ट्रकवाला दोऱ्या आवळत होता. स्कूटर फिरवताना वर पाहिलं. साहेब गॅलरीत आले होते, कागद कठड्याबाहेर धरून उभे होते. खाली टाकत नव्हते, मागेही घेत नव्हते. मी हाक मारावी म्हणून थांबले होते की त्यांनाच हाक मारायची होती, मला माहीत नाही. मी किक मारली आणि निघालो.

आता आम्ही फाटकांच्या बिजागऱ्या करतो. त्यांना माप लागत नाही.